‘ओपनिंग’ आलं की भाषांतर अडतं : नेहमीच्या चुकीचा माग आणि दुरुस्ती

नानांनी बिलाची प्रत काउंटरवर टाकली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘दारे-खिडक्यांचे उद्घाटन वजा : ३.५४ चौ. मी.’

नाना बांधकामाचे ठेकेदार. इंजिनिअरने इंग्रजीत काढून दिलेलं मोजमाप मी मराठीत करून दिलं होतं, कारण ज्यांचं घर ते आबा अमळनेरकडचे आणि मराठी कागद वाचल्याशिवाय पैसे न सोडणारे. आबांनी ती ओळ वाचली आणि नानांना फोन लावला : “हाई कसानं उद्घाटन शे भो? आजून दरवाजा बी बसेल नही, नि तुम्ही उद्घाटन वजा करी टाकं?” बिल अडलं ते अडलंच. नाना मला म्हणाले, “ताई, तुमच्या एका शब्दापायी माझे मजूर बसून आहेत.”

चूक माझीच होती. इंजिनिअरच्या इंग्रजीत ‘ओपनिंग’ होतं, म्हणजे भिंतीतली मोकळी जागा, आणि माझ्या मराठीत त्याचं ‘उद्घाटन’ झालं. आणि ही चूक पहिल्यांदा झालेली नव्हती, म्हणून हे लिहायला घेतलं. जळगावात माझं भाषांतर आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा शब्द मला तोंडघशी पाडतो. जे लोक माझ्यासारखं काम करतात, किंवा मोबाइलवर इंग्रजी कागद घालून मराठी काढून घेतात, त्यांच्याकडेही हेच होतं, फक्त कळतं उशिरा.

कसं ओळखायचं

छापील कागदावर ‘उद्घाटन’ दिसलं आणि आसपास फीत, कात्री, नारळ, पाहुणे यातलं काही नसलं की थांबायचं. माझ्या दुकानातून गेलेले किंवा वेळेत पकडलेले काही नमुने सांगते.

निविदेच्या कागदात : ‘निविदांचे उद्घाटन दुपारी ३ वाजता होईल.’ निविदा उघडतात. दोन लिफाफे असतात, आधी तांत्रिक, मग आर्थिक. त्यांना कुणी हार घालत नाही.

पावसाळ्यात एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला इंग्रजी बातमी आणली. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि तापीला पूर आला की ते उघडावे लागतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. यंत्राने काढलेलं मराठी होतं : ‘४१ दरवाजांच्या उद्घाटनामुळे नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.’ यावर आम्ही दुकानात सगळे हसलो. पण नदीकाठच्या माणसाने ते वाचून ‘बरं, काहीतरी कार्यक्रम आहे’ असं म्हटलं असतं तर?

हसू पार थांबवणारा नमुना डोळ्यांत घालायच्या थेंबांचा. बाटलीसोबतच्या कागदावर असतं की झाकण फोडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरा, उरलेलं टाकून द्या. माझ्याकडे आलेल्या कच्च्या मराठीत होतं : ‘उद्घाटनानंतर एक महिन्याने टाकून द्यावे.’ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला यातून काय कळणार? दुकानाच्या उद्घाटनानंतर की औषध बाजारात आल्यानंतर? इथे पाहिजे होतं, ‘बाटली उघडल्यापासून एक महिन्यापर्यंतच वापरा.’ बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला छोटी कोरी रेघही मी ठेवली. ती मूळ कागदात नव्हती. भाषांतरकाराने असलं काही घालू नये म्हणतात. मी ग्राहकाला विचारून घातली.

आणि एक स्पर्धा परीक्षेच्या टिपणातला : ‘सातपुड्यातील उद्घाटनावर असीरगड पहारा देतो.’ त्याच्याकडे पुढे येते.

चूक शिरते कुठून

मला बराच काळ वाटायचं की यंत्रच मूर्ख आहे. नानांच्या बिलानंतर एका रविवारी बसून माग काढला, तेव्हा चोर घरातच सापडला.

भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी असते. तुम्ही एकदा केलेलं वाक्य ती जपून ठेवते आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की आपणहून भरते. माझ्या मेमरीत फार पूर्वीची एक नोंद होती. एका सराफी पेढीच्या निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, ओपनिंग. समोर मी ‘उद्घाटन’ लिहून जतन केलं होतं. त्या पत्रिकेपुरतं ते बरोबरच होतं. पण सॉफ्टवेअरला पत्रिका माहीत नाही, त्याला एवढंच कळलं की हा शब्द म्हणजे हा शब्द. मोजमापाच्या तक्त्यात एका चौकटीत एकटा ‘ओपनिंग’ आला की त्याच्या दृष्टीने शंभर टक्के जुळणी. शंभर टक्के जुळलेल्या ओळी हिरव्या दिसतात आणि हिरव्या ओळी घाईत कोण वाचतं?

दुसरं शिरण्याचं दार म्हणजे ‘सगळीकडे बदला’ हे बटण. चाळीस पानांचा कागद, संध्याकाळी साडेसात, ग्राहक समोर खुर्चीत. एका जागी ‘ओपनिंग’चं मराठी केलं आणि सगळीकडे बदला म्हटलं. त्यात ‘री-ओपनिंग’चं ‘री-उद्घाटन’ होतं, ‘ओपनिंग बॅलन्स’चं ‘उद्घाटन बॅलन्स’ होतं. हे मी स्वतः केलेलं आहे, ऐकीव नाही.

मोबाइलवरच्या फुकट भाषांतराचं थोडं वेगळं आहे. अख्खं वाक्य दिलं तर ते आता बऱ्यापैकी सांभाळतं. तक्ता, फलक, पावती असे तुटक शब्द दिले की तेही अंदाजच बांधतं. बांधकाम, बँक, दवाखाना इथले कागद तुटक शब्दांचेच असतात.

आधी साफसफाई

मेमरीत शोध घ्या आणि मूळ बाजूला एकच शब्द असलेल्या नोंदी वेगळ्या काढा. ‘ओपनिंग’ची एकटी नोंद उडवा. तिच्या जागी जोड्या ठेवा : खात्याबरोबर आलेला, निविदेबरोबर आलेला, भिंतीबरोबर आलेला, असा प्रत्येक वेगळा. शब्दसूचीतही एका खणात सात अर्थ कोंबू नका, कारण घाईत माणूस पहिलाच उचलतो. जुळलेल्या ओळी आपोआप पक्क्या होण्याची सोय बंद करा. काम थोडं लांबतं. माझ्या मेमरीत अशा एकट्या शब्दांच्या आणखी बऱ्याच नोंदी निघाल्या. ‘चार्ज’, ‘इश्यू’, ‘क्लिअर’, सगळे एकाच माळेचे मणी. त्या उडवायला दोन रविवार गेले.

आता खरं काम. यंत्र साफ झालं तरी शब्द समोर उभाच असतो.

“कसानं?” हा आबांचा प्रश्न

आबांनी फोनवर विचारलं तेच विचारायचं. कशाचं ओपनिंग? मराठीत सुरुवातीचा एकच शब्द नाही, आणि ही उणीव नाही. मराठीत जी वस्तू सुरू होते तीच आपलं क्रियापद घेऊन येते. शाळा रोज भरते, पण सुट्टीनंतर उघडते. बाजार भरतो तो आठवड्याचा, आणि शेअरचा असला तर उघडतो. जत्रा भरते, दुकान उघडतं, नाटकाचा पडदा वर जातो, पुलावरून वाहतूक सुरू होते, भाषणाला तोंड फुटतं. अभ्यासाचा श्रीगणेशा होतो. शिकण्याच्या पहिल्या पायरीला ओनामा म्हणतात आणि तो ‘ॐ नमः सिद्धम्’मधून आलाय. दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. फलंदाजाने पहिली धाव काढली तर खातं उघडलं, नाही काढली तर त्याला भोपळा फोडता आला नाही. वस्तू कळली की निम्मं काम झालं. शब्दकोश उघडायचीसुद्धा गरज पडत नाही.

गंमत अशी की ‘उघडणे’ आणि ‘उद्घाटन’ हे मुळात एकच. संस्कृतातलं उद्घाटन प्राकृतातून घासत घासत आपल्याकडे ‘उघडणं’ होऊन आलं, आणि पुढे पंडितांनी संस्कृतातला जुना शब्द पुन्हा जसाच्या तसा आणून बसवला. एक भाऊ शेतात राबला, दुसरा सभेत बसला. म्हणून डबा उघडतात आणि सभागृहाचं उद्घाटन करतात. अदलाबदल केली की दोन्हीकडे हसू.

सभेतल्या भावाच्याही घरात भांडणं आहेत. पत्रिका छापणाऱ्यांसाठी थोडं खोलात जाते, कारण इथे ग्राहक रुसतात. नवं दुकान, नवी शाखा, नवा व्यवसाय असेल तर ‘शुभारंभ’ लिहा. त्यात लक्ष्मीचा विचार आहे, आणि खान्देशातला व्यापारी बहुतेक हाच शब्द मागतो. इमारत, ग्रंथालय, प्रदर्शन, संमेलन यांचं ‘उद्घाटन’. सरकारी पैशातून झालेला पूल, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका यांचं ‘लोकार्पण’, कारण ती वस्तू लोकांच्या हाती द्यायची असते. काम अजून व्हायचं असेल तर ‘भूमिपूजन’. काम पुरं व्हायच्या आधी ‘उद्घाटन’ छापलं तर विरोधक तो फ्लेक्स जपून ठेवतात. नाटकाचा ‘शुभारंभाचा प्रयोग’, सिनेमाच्या चित्रीकरणाचा ‘मुहूर्त’. कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या भाषणासमोर ‘प्रास्ताविक’ येतं, तिथे ‘उद्घाटनपर भाषण’ टाकलं की प्रास्ताविक करणारे सर आणि उद्घाटक साहेब यांच्यात मान कुणाचा यावरून चुळबुळ होते. तमाशात आधी गण, मग गौळण. कीर्तनात पूर्वरंग. सगळ्यांचं इंग्रजी करायला गेलं तर एकाच शब्दावर काम भागतं. उलट दिशेने मात्र आपल्यालाच निवडावं लागतं.

कापसाचं सांगितल्याशिवाय खान्देशातला माणूस पुढे जाऊ देणार नाही. गणपतीच्या सुमारास खासगी व्यापारी काट्याची पूजा करून कापूस खरेदीला सुरुवात करतात. त्या दिवशी जो भाव फुटतो तो ‘मुहूर्ताचा भाव’. इंग्रजीत कुणी त्याला ओपनिंग प्राइस म्हटलं आणि आपण परत मराठीत ‘खुलता भाव’ केलं, तर शेतकरी गोंधळेल. खुलता भाव शेअर बाजाराचा. तो सकाळी सव्वानऊला व्यवहार सुरू होताना ठरलेला असतो, रोज नवा असतो आणि त्याला कुणी कुंकू लावत नाही. मुहूर्ताचा भाव हंगामात एकदाच, आणि बहुतेकदा तो मान राखण्यासाठी थोडा चढाच दिलेला असतो. पुढच्या आठवड्यात तोच मिळेल म्हणून गाडी भरून नेणाऱ्याला अनुभव येतोच.

हिशेबाच्या कागदांत गडबड कमी व्हायला हवी, पण होते जास्त. ‘ओपनिंग बॅलन्स’ म्हणजे आरंभीची शिल्लक. जुन्या पेढ्यांच्या रोजमेळात पानाच्या माथ्यावर ‘श्रीशिल्लक’ लिहिलेली असायची, आणि अजूनही वयस्क मुनीम तसंच म्हणतात. ३१ मार्चला गोदामात जो माल उरला तो अखेरचा साठा, आणि १ एप्रिलला तोच आरंभीचा साठा. आकडा एकच, नाव दोन. म्हणून भाषांतर तपासायला हा तक्ता सगळ्यात सोपा : गेल्या वर्षीच्या तळातला आकडा आणि यंदाच्या माथ्यावरचा आकडा जुळले नाहीत, तर तुम्ही ओळी तरी उलट लावल्यात नाहीतर शब्द तरी. बँकेच्या अर्जात ‘खाते उघडण्याचा दिनांक’ एवढंच पुरतं. ‘खाते उद्घाटन दिनांक’ असा अर्ज मी डोळ्यांनी पाहिलाय. कुठे ते सांगत नाही.

क्रिकेटवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. ‘सलामीवीर’, ‘सलामीची जोडी’. आखाड्यात उतरलेला पैलवान आधी सलामी देतो, तिथून आलेला वाटावा इतका तो फिट्ट बसलाय. १९५६ साली विनू मांकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली, आणि कसोटीतला तो विक्रम २००८पर्यंत टिकला. हे वाक्य ‘उद्घाटनाची भागीदारी’ घालून वाचून बघा. बुद्धिबळात असा मराठी शब्द रुळला नाही, खेळणारी मुलं ‘ओपनिंग’च म्हणतात. तिथे तो तसाच ठेवावा, हवं तर एकदा ‘डावाची सुरुवात’ असं लिहून पुढे चालू लागावं.

भोक, फट, खिंड, वाट

आता दुसरी बाजू, जिथे माझं बिल अडलं. इथे काहीच सुरू होत नाही. इथे नुसती मोकळी जागा आहे.

नानांच्या कागदात होतं ते असं. चार इंची भिंत चौरस मीटरमध्ये मोजतात. भिंत ५ मीटर लांब, ३ मीटर उंच, म्हणजे १५ चौ. मी. तिच्यात दार १ बाय २.१ मीटर, म्हणजे २.१ चौ. मी. आणि खिडकी १.२ बाय १.२, म्हणजे १.४४. दोन्ही मिळून ३.५४. जिथे वीट लागलीच नाही तिचे पैसे मालकाने का द्यावेत? म्हणून ते वजा, आणि बिल ११.४६ चौ. मीटरचं. हे सगळं आबांच्याच फायद्याचं होतं आणि त्याच ओळीवर ते चिडले होते! त्याच भिंतीत वर एक झरोका होता, ३० बाय ३० सेंटिमीटरचा. तो वजा केलेला नव्हता, त्यावरही प्रश्न आला. मोजमापाचं भारतीय मानक १२०० सांगतं की वीटकामात ०.१ चौ. मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करायची नाही, आणि झरोका भरतो ०.०९. गिलाव्याला मर्यादा वेगळी, ०.५ चौ. मीटरपर्यंत वजावट नाही. कारण साधं आहे. लहान भोकाच्या कडा घासूनपुसून नीट करायला मजुरी तेवढीच जाते.

दुरुस्त ओळ मी अशी केली : ‘दार व खिडकीची मोकळी जागा वजा’. नाना म्हणाले, “‘ओपनिंग वजा’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, मिस्तरी पण तेच म्हणतो.” खरंय. पण आबांना चाललं नसतं. कागद कोण वाचणार हे विचारल्याशिवाय हा वाद मिटत नाही. साइटवर राहणारा कागद असेल तर ‘ओपनिंग’ राहू द्या, मालकाच्या हाती जाणार असेल तर मोकळी जागा.

मोकळ्या जागांची मराठी नावं मात्र भरपूर आहेत आणि ती आकारावर, कामावर ठरतात. दाराखाली फट, पत्र्याला भोक, चाळणीला छिद्र, भिंतीला झरोका. गोठ्याच्या कुडाला पडलेलं भगदाड. रस्त्याखाली पाणी जायला मोरी, पुलाच्या दोन खांबांमधला गाळा. पुलाच्या कागदात ‘सात उघडण्या’ असं लिहून दिलेलं मी पाहिलंय, तिथे ‘सात गाळ्यांचा पूल’ एवढंच हवं होतं. शेतात वाफ्याला पाणी द्यायला वरंब्यात जी वाट करतात तिला कुठे दारं म्हणतात, कुठे बारं. रात्री वीज आली की बॅटरी घेऊन दारं धरायला निघालेल्या माणसाला ओपनिंग म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. एक फोडायचं, दुसरं बुजवायचं, पहाटेपर्यंत तेच.

आणि डोंगराला खिंड. असीरगडाचं ते वाक्य इथलं. भुसावळहून खंडव्याकडे रेल्वेने जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे सातपुडा बाजूला सरल्यासारखा दिसतो. उत्तरेतून दक्षिणेत उतरायची ही जुनी वाट, आणि तिच्यावर नजर ठेवून असीरगड उभा आहे. म्हणूनच त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणायचे. १६०१मध्ये अकबराने तो घेतला तेव्हा फारुकी घराण्याचं खान्देशातलं राज्य संपलं, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून काही काळ या मुलखाला ‘दानदेश’ म्हटलं गेलं. त्या विद्यार्थ्याच्या वहीत मी लिहून दिलं : ‘सातपुड्यातील वाटेवर असीरगड पहारा देतो.’ ‘खिंड’ लिहिणार होते. पण खिंड म्हटलं की डोळ्यांसमोर पावनखिंडीसारखी चिंचोळी जागा येते, आणि हा भाग चांगला रुंद आहे. एवढ्या एका शब्दावर दहा मिनिटं गेली आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

दवाखान्याच्या कागदांत जपून. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कधी कधी आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि त्यावर पिशवी लावतात. रुग्णाला द्यायच्या माहितीपत्रकात याला ‘पोटावरील उघडणे’ म्हटलेलं माझ्याकडे तपासायला आलं होतं. एक तर ते मराठी नाही, आणि दुसरं म्हणजे वाचणारा आधीच घाबरलेला असतो. नर्स त्याला काय सांगते ते ऐका : “पोटावर तोंड काढलंय, तिथून शी पिशवीत येईल.” तेच थोडं नीट करून लिहिलं. बाळंतपणाच्या खोलीतही हीच भाषा. तिथे पिशवी म्हणजे गर्भाशय. ‘पिशवीचं तोंड किती उघडलंय’ असंच विचारतात, आणि पूर्ण उघडलं म्हणजे दहा सेंटिमीटर. माणसाच्या शरीरात जिथे हा शब्द येईल तिथे आधी ‘तोंड’ लावून पाहा. दहात आठदा बसतं.

नोकरी आणि संधी

‘आमच्याकडे ओपनिंग आहे.’ म्हणजे जागा निघाली आहे, किंवा जागा रिकामी आहे. जाहिरातीत ‘रिक्त पदे’, बोलताना ‘जागा’. एवढ्यावर थांबलं तरी चालतं.

पण हाच शब्द कधी ‘संधी’ म्हणून येतो. मला आधी वाटायचं की भिंतीतलं भोक आणि नशिबातली संधी इंग्रज एका शब्दात कसे बसवतात? मग लक्षात आलं की आपणही तेच केलंय. संधी म्हणजे मुळात सांधा, दोन गोष्टी जुळतात ती जागा. त्यातूनच संधिवात, संधिकाल, व्याकरणातला संधी. आणि संस्कृतात चोर घराच्या भिंतीला पाडतो त्या भोकालाही संधी म्हणत. हिंदीतलं ‘सेंध’ तिथूनच आलं. म्हणजे संधी साधणारा पहिला माणूस बहुधा घरफोड्या असणार. ही गोष्ट मी एका नोकरी मार्गदर्शन वर्गाच्या पत्रकात घालणार होते, त्यांनी नको म्हटलं.

उघडण्याचा अजून एक अर्थ आपल्याकडे आहे जो इंग्रजीतून येतच नाही, आणि तोही ‘गॅप’च आहे : पावसाने उघडीप दिली. जुलैत आठ दिवस झड लागल्यावर दुपारी दोन तास उघाड पडते आणि सगळं गाव फवारणीला पळतं. मराठीतून इंग्रजी करताना यंत्र इथे हमखास फसतं.

‘उद्धाटन’चा वेगळा रोग

शब्द बरोबर निवडूनही फ्लेक्सवर ‘उद्धाटन’ छापून येतं. गावोगाव बघा, निम्म्या फलकांवर हेच. द खाली घ हवा, असतो ध. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर याचं कारण बोटाखाली आहे : शिफ्ट दाबून ‘आय’च्या कळीवर घ आणि तिच्या अगदी शेजारी ‘ओ’च्या कळीवर ध. बोट एक घर सरकलं की संपलं. शिवाय जोडाक्षर लहान आकारात दोन्ही सारखीच दिसतात, आणि ‘शुद्ध’, ‘युद्ध’, ‘बुद्ध’ यांची डोळ्यांना इतकी सवय की चूक खटकतच नाही.

उपाय म्हणून मी द आणि घ सुटे ठेवते, द् पाय मोडलेला आणि पुढे पूर्ण घ : ‘उद्‌घाटन’. हलन्तानंतर ‘झिरो विड्थ नॉन-जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह टाकलं की अक्षरं चिकटत नाहीत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात मात्र प्रत्येक जागी डोळ्यांनी बघावं लागतं. छपाईला जाण्यापूर्वी ‘उद्धा’ एवढीच अक्षरं शोधून बघायची. ‘उद्धार’ सोडला तर जे सापडेल ते बहुतेक चूकच असतं.

पाठवण्यापूर्वी

मी आता एवढंच करते. कागदात जिथे जिथे मूळ शब्द आला तिथे दोन कोरी वाक्यं लावून बघते. ‘काहीतरी सुरू होतंय’ बसतं का? ‘कुठेतरी मोकळी जागा आहे’ बसतं का? पहिलं बसलं तर विचारायचं काय सुरू होतंय, दुसरं बसलं तर कशात आणि केवढी. दोन्ही नाही बसलं तर ते साधं क्रियापद असतं, बाटली उघडणं, लिफाफा उघडणं, आणि ‘उघडल्यावर’ किंवा ‘उघडण्यापूर्वी’ असं वाक्यात विरघळवून टाकायचं. मग ती ओळ दुकानात जो कुणी झेरॉक्ससाठी उभा असेल त्याला वाचून दाखवते. तो “म्हणजे?” म्हणाला की पुन्हा बसायचं.

नानांचं बिल तिसऱ्या दिवशी निघालं. आठवड्याने ते स्वतःच्या नव्या ऑफिसची पत्रिका करायला आले, येताना भरताची चार वांगी आणली. मी ‘शुभारंभ’ टाकून प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “ताई, इथं मात्र उद्घाटनच टाका. आबांच्या हातून करतोय.”